बिनधुराची शेगडी

(खापर गाव, १९३८. किराणा दुकानामागची बाळंतिणीची बंद खोली. खाटेखाली कोळशाची शेगडी; खाटेवर नऊ दिवसांची बाळंतीण लाडकंवर. तिची सासू सूरजबाई, नवरा गौतमचंद, दवाखान्याच्या नर्स निर्मलाबाई.)

सूरजबाई : ती खिडकी उघाडू नका! वारा लागी जाई तिले.

निर्मलाबाई : वारा लागायलाच हवाय. बाजूला व्हा! पोर कुठंय?

गौतमचंद : सकाळपासून बाहेर, शेजारच्या तापीबाईकडे. नर्सबाई, जरा हळू. दुकानात गिऱ्हाईक आहे.

निर्मलाबाई : ऐकू दे गिऱ्हाइकाला! बायको उठत नाही म्हणून तुम्हीच पळत आलात ना?

सूरजबाई : थकेल शे, झोपेल शे. गाल देखा तिना, डाळिंबगत लाल!

निर्मलाबाई : तीच तर फसवणूक आहे. ही लाली तब्येतीची नाही, कोळशाच्या वायूची आहे.

सूरजबाई : धूर कोठे शे? कोळसा बाहेर लाल करीसन मंगच शेगडी आत आनतस आम्ही. अडाणी समजी ऱ्हायनात का?

निर्मलाबाई : धूर असता तर ठसका लागून उठली तरी असती! शेठ, तुम्ही ऐका. रक्त म्हणजे हमाल. फुप्फुसात येतो, खराब हवा उतरवतो, ताजी पाठीवर घेतो, अंगभर पोचवतो. हा वायू त्या पाठीवर चढून बसतो आणि लवकर उतरतच नाही. मग ताजी हवा ठेवायची कुठं?

गौतमचंद : म्हणजे ही श्वास घेतेय, तरी...

निर्मलाबाई : तरी गुदमरतेय.

गौतमचंद : औषध द्या मग! पेटी कशाला आणलीत?

निर्मलाबाई : पेटीत हवा नसते! खाट उचला, ओट्यावर घ्या.

सूरजबाई : बाराव्या दिनना पहिले बाळंतीण उंबरठा वलांडत नहीं! गौतम, हात लावशी तं देख!

गौतमचंद : माँ, सरक! नाहीतर तुझ्यासकट उचलीन खाट!

निर्मलाबाई : डोकं सांभाळा... ठेवा इथं. चोळी सैल करा. लाडकंवर! ए लाडकंवर! ओढ श्वास!

गौतमचंद : पापणी हलली. हलली ना?

निर्मलाबाई : हलली. ओकतेय, कुशीवर करा. तो वायू आता सावकाश उतरेल. संध्याकाळपर्यंत इथून हलवायचं नाही.

गौतमचंद : पाणी मागतेय, माँ. माँ, आत काय करतेस? पाणी आण.

सूरजबाई : नर्सबाई... यानं माणूस झोपमाच जास का?

निर्मलाबाई : जातं. का विचारता?

सूरजबाई : मन्ही पोर मोती बी बाळंतपणम्हा याच खोलीम्हा गयी. दारनी फट मीच चिंध्या कोंबीसन बुजेल व्हती.