मोहाच्या सावलीतलं गरम पाणी

(कुरखेडा तालुक्यातलं मुलींचं वसतिगृह. डिसेंबर, सकाळचे सात. गच्चीवर अधीक्षिका रोशनी, स्वयंपाकीण सुकरीबाई आणि सोलर बसवणारा अश्विन.)

रोशनी : या कागदावर सही करणार नाही. पुन्हा विचारू नका.

अश्विन : मॅडम, ‘गरम पाणी मिळून राह्यलं’, एवढंच लिहायचं आहे.

रोशनी : आधी नळाखाली हात धरा.

अश्विन : …कोमट आहे थोडं.

सुकरी : कोमट? याच्यापेक्षा आमच्या विहिरीचं पाणी गरम आहे, भाऊ.

अश्विन : मशीन चांगली आहे, बाई. मार्चमध्ये मीच बसवली. पाणी उकळून राह्यलं होतं, तुमीच पाह्यलं ना!

रोशनी : मार्चमध्ये या मोहावर एक पान नव्हतं. आता बघा. सूर्यही दक्षिणेला कलला. दिवसभर तुमच्या नळ्यांवर सावली.

अश्विन : सर्वेच्या फॉर्ममध्ये झाडाचा रकानाच नव्हता.

रोशनी : झाड तर होतं ना!

अश्विन : मंग छाटून टाका.

सुकरी : लावून पाह्य कुऱ्हाड! माह्या सासूपासून चार घरं इथी मोह वेचतात. एप्रिलात फुलं वाळवतो, वर्षभर पुरवतो. तुमाले उन्हाळ्याचं ऊन डिसेंबरपर्यंत नाई ठेवता येत?

अश्विन : येते, बाई. परदेशात जमिनीत मोठाली टाकी करून उन्हाळ्याची गरमी थंडीपर्यंत ठेवतात. इथी कोण करते?

रोशनी : परदेश राहू द्या. स्वयंपाकघराच्या छतावर सावली नाही. तिथं हलवा.

अश्विन : हलवू ना. पण मंजुरी मार्चमध्ये येईल.

सुकरी : मार्चमध्ये तं इथीही उकळते.

रोशनी : ऐका. सोलर लागला म्हणून आमचं सरपण बंद झालं. साठ पोरी रोज पहाटे या पाण्यानं न्हातात. मी सही केली की कागदावर पाणी गरम झालं. मग आमचं कोण ऐकणार? सुकरीबाई, यांना एक बादली भरून द्या. न्हाऊन या भाऊ, लगेच सही करीन.

अश्विन : काय मॅडम… मले तीन दिवसांपासून सर्दी आहे.

सुकरी : पाचवीतल्या दिव्यालेही आहे, भाऊ. खाली न्हायच्या रांगेत उभी आहे.