चार हातांवरची ओळख

धाकटी : म्हणजे ताईचं लग्न झालं त्या वर्षीच तुम्हाला ऐकू येईनासं झालं होतं, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

फिटर : येईनासं नाही. कमी. लग्नात ताईच्या सासऱ्यांनी काहीतरी सांगितलं, मी हसून म्हटलं, छान झालं. नंतर कळलं, ते म्हणत होते की त्यांची आई गेल्याच महिन्यात गेली.

धाकटी : बाबा.

फिटर : म्हणून दुसऱ्या आठवड्यात जाऊन हे ऐकायचं यंत्र कानात बसवून घेतलं. तुम्हाला सांगितलं उशिरा, ते खरं.

धाकटी : फोन द्या इकडे. आणि आता काही लपवू नका. आज चार वाजता काय आहे?

फिटर : सुकवणीला बारा रोलर आहेत. ओला कागद त्यांच्यावरून वाळत वाळत पुढे जातो. बारातल्या एका रोलरचं बेअरिंग जातंय. कुठल्या, ते मी चारच्या आत सांगायचं.

धाकटी : नाही सांगता आलं तर?

फिटर : मॅनेजर म्हणाले, मग तुम्ही उद्यापासून स्टोअरला बसा, नटबोल्ट वेगळे करा. सगळे बारा उघडून बघायचे तर मशीन चार दिवस बंद. एकतीस वर्षं मी असं कधी उघडायला लावलेलं नाही.

धाकटी : तुम्ही कानाने ओळखत होता.

फिटर : लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. टोक बेअरिंगच्या झाकणाला, मूठ कानापाशी. चांगलं बेअरिंग गुणगुणतं. जायला लागलं की त्यात एक बारीक किरकिर येते. ती किरकिर आता मला येत नाही.

धाकटी : मग यंत्र लावून ऐकायचं.

फिटर : काल ऐकलं, टोपीखाली लावून. माणसं ऐकू आली, मशीन गायब. एवढी अजस्र मशीन समोर धडधडतेय आणि माझ्या कानात लायब्ररी.

धाकटी : काल? आणि एरवी?

फिटर : एरवी कारखान्यात काढून डबीत ठेवतो. लोकांना कशाला दाखवायचं.

धाकटी : थांबा, इथे यंत्राच्या ॲपमध्ये तुमची माहिती भरलेली आहे. वय बरोबर. व्यवसाय, कारकून. बाबा, कारकून कोण?

फिटर : मी.

धाकटी : तुम्ही?

फिटर : क्लिनिकमधल्या बाईंनी विचारलं, काय करता. फिटर म्हटलं आणि गोष्ट कारखान्यापर्यंत गेली तर? तोंडाला आलं ते सांगितलं.

धाकटी : म्हणून हे पंखा, मोटर, घरघर, सगळं कचऱ्यात टाकतंय. कारकुनाला शांतता लागते अशी त्याची समजूत आहे. जगाशी खोटं बोलणारे पाहिलेत, स्वतःच्या कानाशी खोटं बोलणारे तुम्ही पहिले.

फिटर : शहाणपण पुरे. क्लिनिकमध्ये आज जाता येईल का?

धाकटी : फोन केला होता. अकरा दिवसांनी वेळ मिळतेय. एक मिनिट, आपण याच्या ओळखी बघू.

फिटर : कुणाच्या?

धाकटी : यंत्राच्या. ही आपसात ओळखी करतात, बाबा. जे यंत्र वरचेवर भेटतं त्याच्याशी दोस्ती. दोस्ती झाली की एकमेकांना विचारतात, तू हा आवाज कसा ऐकतोस, मी कसा ऐकू. ज्याचा सल्ला बरोबर निघतो त्याच्यावर भरवसा वाढतो. हे बघा. दाराची बेल, भरवसा शंभरात नव्वद. आईचं घड्याळ, ऐंशी. फ्रिज, चार.

फिटर : फ्रिजने काय घोडं मारलं?

धाकटी : दार उघडं राहिलं म्हणून दिवसातून वीसदा बोंब मारतो. त्याचं घरात कुणी ऐकत नाही. टीव्हीशी अबोला आहे, तो फार मोठ्याने बोलतो. अगदी माणसांच्या घरासारखं चाललंय सगळं.

फिटर : आत्याचा फोन नाही का त्यात?

धाकटी : त्याच्याशी आपणहून ओळख तोडली आहे. बाबा. बाबा, हे कोण?

फिटर : आता काय?

धाकटी : भरवसा अठ्ठ्याण्णव. आईच्या घड्याळापेक्षा जास्त. आणि हे घरातलं नाहीच. तुमच्यासारखंच कानाचं यंत्र आहे. चौदा महिन्यांची दोस्ती, तीनशे सहा भेटी. रोज साडेनऊ ते सव्वादहा, वाचनालय, अंतर चार हात. कोण बसतं तुमच्यापासून चार हातांवर?

फिटर : भिंत.

धाकटी : भिंतीला कान असतात ते माहीत होतं, कानाचं यंत्र असतं हे नवीन आहे. सांगा ना. अहो, हे वाचा, त्या यंत्राने काय शिकून ठेवलंय. 'यंत्रांचा आवाज न कापता ऐकणे.' तुम्हाला हवं ते हेच आहे. जसंच्या तसं तयार.

फिटर : मग घे की ते.

धाकटी : छोट्या गोष्टी आपसात देतात. ऐकण्याची पूर्ण रीत द्यायची तर त्याच्या मालकाने हो म्हणावं लागतं. मालक कोण आहे, बाबा?

फिटर : उस्ताद.

धाकटी : तुमचे उस्ताद? ज्यांचं नाव काढलं की तुम्ही जेवणावरून उठता ते?

फिटर : उठत नाही. पाणी प्यायला जातो.

धाकटी : चौदा महिने तुम्ही रोज त्यांच्यासमोर बसताय आणि बोलत नाही?

फिटर : पाळी दुपारची असते. सकाळी पेपर वाचतो.

धाकटी : पेपर घरी येतो आपल्या.

फिटर : तिथला मोठा असतो. तोंड झाकायला बरा.

धाकटी : माणसं तोंड झाकून बसली आणि कानांनी दोस्ती करून टाकली. उठा. नऊ वीस झालेत. चपला घाला.

फिटर : मी नाही मागणार. मागायला मला तोंड नाही. नऊ वर्षांपूर्वी मशीनपाशी त्यांनी सांगितलं, चार नंबर. मी सगळ्यांसमोर म्हणालो, उस्तादांना आता ऐकू येत नाही, सहा आहे. सहा उघडला, सहाच निघाला. महिन्याभरात ते घरी, मी त्यांच्या जागी.

धाकटी : मग तुम्ही बरोबर होता.

फिटर : तेच तर. चूक असतो तर कधीच माफी मागून मोकळा झालो असतो.

(वाचनालय. लांब टेबल, दोन टोकांना दोन म्हातारे, मधे धाकटी.)

धाकटी : काका, नमस्कार. मी यांची धाकटी. बाबांना तुमच्याशी बोलायचंय.

उस्ताद : त्यांना तोंड आहे का? मला वाटलं होतं नुसता पेपरच आहे.

फिटर : उस्ताद.

उस्ताद : हळू. वाचनालय आहे. तुला कमी ऐकू येतं म्हणून गावाला का उठवतोस?

फिटर : तुम्हाला कुणी सांगितलं, मला कमी येतं?

उस्ताद : तुझ्या कानाने. गेल्या वर्षी सूनबाईने मला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, तुमच्या यंत्राला एक दोस्त मिळालाय. चार हातांवर बसतो, मालक कारकून, बारीक आवाज येत नाहीत म्हणून माझ्या यंत्राला सारखं विचारतो. मी मान वर करून बघितलं. चार हातांवर तू, पेपर उलटा धरून.

धाकटी : उलटा?

फिटर : एकदाच झालं होतं तसं.

उस्ताद : मी सूनबाईला म्हटलं, या कारकुनाला विचारलेलं सगळं सांग. लागेल त्याला.

फिटर : वर्षभर तुम्हाला माहीत आहे?

उस्ताद : चौदा महिने.

फिटर : कारखान्यातले तुम्हाला रोज भेटतात. पेन्शनच्या कामाला मॅनेजरही येऊन गेले तुमच्याकडे.

उस्ताद : आले होते. चहा घेऊन गेले.

फिटर : आणि तुम्ही बोलला नाहीत.

उस्ताद : काय बोलायचं? त्याला ऐकू येत नाही, असं? ते वाक्य मी एकदा ऐकलंय. दुसऱ्यांदा माझ्या तोंडून कशाला.

धाकटी : काका, आज चार वाजेपर्यंत त्यांना एक बेअरिंग शोधायचंय. नाही सापडलं तर त्यांना स्टोअरला बसवणार. तुमच्या यंत्राची रीत त्यांच्या यंत्राला दिली तर जमेल. तुम्ही हो म्हणायला हवं.

उस्ताद : ठाऊक आहे मला, बेअरिंग जातंय ते. आठ दिवस झाले.

फिटर : कसं काय?

उस्ताद : रोज संध्याकाळी कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी उभा असतो मी. वाफेची नळी बाहेर येते तिथे. घरात बसून करू काय? तिथे उभं राहून या यंत्राला शिकवलं, बाबा रे, ही घरघर फेकू नकोस, हे माझं माणूस आहे. तीन महिने ऐकेना. मग ऐकायला लागलं.

फिटर : मग नंबर सांगा. तुम्हाला कळला असेल.

उस्ताद : भिंतीबाहेरून नंबर कळत नाही. आणि कळला असता तरी सांगितला नसता. मी रीत देतो, नंबर तू काढ. एक अट आहे.

फिटर : बोला.

उस्ताद : टोपी काढून ऐकायचं. कानात काय आहे ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

फिटर : मग स्टोअरमध्येच बसवतील मला, सापडलं तरी.

उस्ताद : बसवतीलही.

धाकटी : बाबा?

फिटर : तुम्ही चला माझ्याबरोबर. आत. मशीनपाशी.

उस्ताद : मी? त्या गेटातून मी परत जाणार नाही म्हणून शपथ घेतलीय.

फिटर : मला बोलायचंय ते तिथेच बोलायचंय, इथे नाही. तुम्ही शपथ मोडा, मी टोपी काढतो.

उस्ताद : पोरी, हे बटण कुठे दाबायचं असतं? चष्मा घरी राहिलाय.

(कारखाना. सुकवणीचा विभाग, दुपारी तीन.)

उस्ताद : टोपी काढलीस, बरं. यंत्र चालू केलंस?

फिटर : थांबा. थांबा जरा. उस्ताद, हे काय आहे सगळं?

उस्ताद : काय येतंय?

फिटर : सगळं येतंय. पट्टा फटके मारतोय तो. वाफ सुटतेय. तिकडे कुठेतरी पाणी ठिबकतंय लोखंडावर. अहो, हे ठिबकणं मी विसरूनच गेलो होतो.

उस्ताद : बावीस वर्षं ठिबकतंय. मी दोनदा अर्ज दिला होता. रडतोस काय, कामाला लाग.

फिटर : वाफेने डोळ्यांत पाणी येतं. एक, गुणगुणतोय. दोन, ठीक. तीन, ठीक. चार, छान आहे, अगदी नवीन असल्यासारखा.

उस्ताद : घाई करू नकोस. लोक जमलेत म्हणून हात पळवू नकोस.

फिटर : पाच. सहा. सहाचा सूर जरा खाली आहे, पण स्वच्छ आहे. सात, ठीक. आठ. उस्ताद, आठ.

उस्ताद : काय आठ?

फिटर : किरकिर. आली. बारीक, साखर चावल्यासारखी. आली मला, उस्ताद.

उस्ताद : मग सांग सगळ्यांना.

फिटर : नाही. थांबा. आधी नऊ बघतो. दोघांची बैठक एकच आहे, आवाज इकडचा तिकडे पोचतो. नऊमध्येही आहे. जास्त आहे की कमी, हा स्क्रूड्रायव्हर तुम्ही लावून बघता का?

उस्ताद : दे इकडे. हं.

फिटर : काय वाटतं?

उस्ताद : मला वाटतं ते माझ्यापाशी. तुझं काय ते बोल.

फिटर : आठमध्ये किरकिर लांबून येतेय, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तशी. नऊमध्ये मुठीला खाज सुटतेय. नऊ.

उस्ताद : मॅनेजर मागेच उभे आहेत.

फिटर : साहेब, मशीन थांबवा, नऊ नंबर उघडा. आणि माझ्या कानात बघताय ते ऐकायचं यंत्र आहे. दीड वर्ष झालं, डबीत लपवत होतो. यात ऐकण्याची जी रीत आहे ती यांची आहे, यांनी मला आज दिली. याच जागी मी सगळ्यांसमोर यांच्याबद्दल बोललो होतो. बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. ते चुकलं माझं. नंबर चुकला नव्हता, पण ते चुकलं.

उस्ताद : झालं? भाषण लांबलं. उघडू दे त्यांना.

फिटर : बसा तुम्ही, हा डबा उलटा करतो. दोन कामगार झाकण काढतायत.

उस्ताद : आठ निघाला तर?

फिटर : तर मी स्टोअरला बसेन, आणि वाचनालयात तुमच्या शेजारी. पेपर न धरता.

उस्ताद : बघ, काढलं त्यांनी. काय दिसतंय? मला एवढ्या लांबचं दिसत नाही.

फिटर : आतली जाळी तुटलीय. गोळ्या एका बाजूला जमल्यात. नऊच आहे, उस्ताद.

उस्ताद : मला आठ वाटला होता.

फिटर : मग बोलला का नाहीत?

उस्ताद : चार हातांवर बसून शिकवलेला पोरगा आहे. म्हटलं, बघू तरी.

(दोन वर्षांनी. फिटरचं घर, सकाळ.)

धाकटी : कागद घेतला. कारखान्याच्या फळ्यावर लावायचाय ना? सांगा. 'कारखान्याचे माजी फिटर...'

फिटर : माजी काढ. दर शनिवारी येत होते, मागच्या शनिवारीसुद्धा आले. सगळे बारा ऐकून गेले.

धाकटी : काढलं. पुढे 'दुःखद निधन' लिहू?

फिटर : तसले शब्द ते वापरत नव्हते. साधं लिही. तारीख आणि वेळ नीट घाल, त्यांना ढोबळ काम आवडत नसे.

धाकटी : वाचते. 'आपल्या कारखान्याचे फिटर, आमचे उस्ताद, सोमवार चार ऑगस्टला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या राहत्या घरी वारले.'