जपून ठेवलेल्या चार नळ्या

…आणि वर सगळे मलाच विचारतात, अहो, विसरलात कसे? विसरलो कुठं? जपून ठेवल्या होत्या हो.

तुम्हाला सांगतो, आमच्या दादाची जुनी लाल स्पोर्ट्स कार, दादा गेला तशी शेडमध्ये झाकून उभी. इकडे वहिनींची नजर उतरणीला लागलेली, डॉक्टर म्हणाले, दोनेक महिने दिसेल तेवढं दिसेल. तर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, एकदा त्या गाडीतून रस्ता बघायचाय." एवढंच. आता नाही कसं म्हणणार? जन्मभर लोकांच्या गाड्या उघडल्या, घरच्या गाडीला हात लावायचा धीर होत नव्हता. लावला. महिनाभर एकट्यानं इंजिन बांधलं, शेवटचा नट आवळला, हात पुसत मागं सरकतो तर काय… बुडाशी भोकं, टकामका माझ्याकडे बघतायत.

नळ्या राहिल्या! इंजिनाच्या डोक्यात फिरून आलेलं तेल ज्यांच्यातून परत पोटात येतं ना, त्या. वीतभर असतील नसतील, चार. पण डोकं चढवायच्या आधी घालायच्या, मागाहून जात नाहीत. दादानंच आणलेल्या, कोऱ्या, अखंड. ओरखडा नको म्हणून मी त्याच्याच लोकरी मफलरमध्ये गुंडाळून कपाटात… जपून ठेवल्या होत्या हो.

पार्टवाल्याकडे गेलो. तो दात कोरत म्हणतो, "काका, दोन तुकड्यांची घ्या की. एकात एक सरकते, दाबून आखूड करा, दोन भोकांच्या मधे धरा, ताणली की बसली. दुपारभराचं काम." आणि माझ्या कानात दादा, "जोड आला की गळती आली, धाकट्या." म्हणजे अखंडच घालायच्या तर इंजिन पुन्हा उघडा, पुन्हा महिना घाला, आणि वहिनी तर आत्ताच चहाचा कप चाचपून उचलायला लागलेल्या… बरं, जोडाच्या घातल्या आणि भर रस्त्यात तेल गळून धूर झाला म्हणजे? दादाची गाडी, आत वहिनी…

तीन दिवस घास उतरेना. बायको म्हणाली, झालंय काय? म्हटलं, जोडाचं टिकत नाही म्हणतात. तिनं पोळपाट बाजूला सारला. "मग आपण दोघं काय अखंड आहोत? चाळीस वर्षं टिकलोच ना?"

घातल्या. जोडाच्या घातल्या. दादा, माफ कर बाबा.

वहिनी शेजारी बसल्या, काच खाली. झाड आलं की म्हणायच्या झाड, पूल आला की पूल, एक बाई सायकल हातात धरून चालली होती तर तीसुद्धा सांगितली, पाठ करत असल्यासारखं. माझा एक डोळा सारखा तेलाच्या काट्यावर. घरी आलो, इंजिनाखाली पुठ्ठा सरकवला, आडवा झालो, चारही नळ्यांवरून हात फिरवला.

वरून वहिनी म्हणाल्या, "गळतंय का, भाऊजी?"

"नाही वहिनी. कोरडंय."

"मग नाक कशाला ओढताय?"

आणि त्या अखंड नळ्या म्हणाल, तर आहेत. मफलरमध्येच आहेत. आता परत घोळ नको म्हणून कपाटातनं काढून जरा आणखी चांगल्या जागी ठेवल्यात, अगदी जपून.

कुठं, तेवढं विचारू नका.