चिमीच्या बकऱ्या

तुले सांगतो गड्या, पुण्यात आमी तीन वर्षं मोबाइलवरचा एक गेम बनवून राहिलो होतो. त्यात बकऱ्या चारणारी चिमी होती, अन् तिचा आवाज होता माह्या अकोल्याच्या आत्याचा. कंपनीनं तो गेमच अर्ध्यात बंद केला.

अकोल्याले गेलो तं आत्यानं इचारलं, "काहून? चिमी आवडली नाही का?"

"सगळ्याइले आवडली. पण सायब म्हणते, जुनाच खेळ रंगवून विकू, त्यात धोका नाही."

"मंग बकऱ्या कुठं हायेत?"

"डोंगरावरच. संध्याकाळी घरी येनार होत्या, पण संध्याकाळ बनवायचीच राह्यली."

ऊन उतरल्यावर आत्या अंगणात गेली अन् रेकॉर्डिंगले मारली होती तशीच हाक मारली, "चाला वं, घरी चाला!"

खरं सांगतो, मी उठून फाटक उघडलं.