विमानाचं पेट्रोल

— नाही नाही, झाकण नका उघडू. राहू दे तसंच. द्या इकडे, मी डबा बाहेर भिंतीला लावून ठेवतो — कोणी नेत नाही हो, इथे येतंय कोण — फक्त आत नको. आत बाबा झोपलेत. हे दार दिसतं ना, त्याच्या पलीकडेच त्यांची खाट, आणि दार म्हणजे काय, नुसता पत्रा, खालून फट. वास लगेच जातो. त्रास? नाही, त्रास नाही होत त्यांना. उठतात. उठायला नको, म्हणून. बसा ना तुम्ही. त्या स्टुलावर नको, तो डुलतो — या टायरवर बसा, थांबा, फडकं टाकतो, पँटला काळं लागेल. आणि जरा हळू बोलू या का आपण? म्हणजे तुम्ही काही ओरडत नाही आहात, माझंच आपलं. मला फार बोलायची सवय नाही, त्यामुळे एकदा बोलायला लागलो की आवाज कुठे चाललाय ते कळत नाही.

हां, तर गाडी. आलात तेव्हाच आवाजावरून कळलं, ही काही भाजी आणायची गाडी नाही. नशीब, त्या वेळी ताई बाबांना आंघोळ घालत होती, नळ सोडलेला होता, नाहीतर — असो. त्यांना झोपवून ती आत्ताच कामावर गेली. पिस्टन बदललेत ना? उंच डोक्याचे? वाटलंच. आणि आता साध्या पेट्रोलवर जोर दिला की इंजिन आतून ठोकतं, म्हणून कुणीतरी ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन ठेवलंय, आणि म्हणून ती पळत नाही, नुसती ओरडते. बरोबर? तुमचं काही चुकलेलं नाही. म्हणजे तुम्ही हे पेट्रोल आणलंत त्यात वेडेपणा नाही. वेडे वेगळे येतात इथे. एक जण मोठ्या विमानाचं घेऊन आला होता, प्रवासी विमानाचं — ते रॉकेलचं भावंड, पेट्रोलच्या गाडीत टाकलं तर गाडी धूर सोडून जागेवर बसेल. त्याला वाटलं, विमान जेवढं मोठं तेवढी गाडी जोरात. हसू नका, मलाही आधी तेच वाटायचं. शाळा सुटली — सुटली म्हणजे मीच सोडली, सातवीत, फळ्यासमोर उभं केलं की माझं तोंडच उघडायचं नाही — आणि इथे आलो तेव्हा बाबांना विचारलं होतं, याने गाडी उडते का? बाबा म्हणाले, "उडते ना. आधी नट उडतात, मग बोल्ट उडतात, मग मालकाची झोप उडते."

तुम्ही आणलंय ते छोट्या विमानाचं. पंखा फिरतो ना पुढे, त्यांचं. उड्डाण शिकवतात तिथे असतं. निळसर असतं — नको, दाखवू नका, माहितीये मला. त्यात ताकद जास्त असते असं नाही. लोकांना पटत नाही, पण नसते. साधं पेट्रोल फार दाबलं की ठिणगी पडायच्या आधीच पेटतं, पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसल्यासारखं. हे दाब सहन करतं. गप्प बसतं. ठिणगी पडेपर्यंत थांबतं. तेवढंच त्याचं काम. त्यात शिसं घातलेलं असतं म्हणून ते एवढं गप्प बसतं. रोजच्या गाडीत घातलं तर फायदा काहीच नाही, उलट धुराच्या नळीतला सेन्सर मरतो, त्यातली जाळी मरते, प्लगवर करडे करडे मणी बसतात, मोहरीएवढे. तुमच्या गाडीचा सेन्सर काढलाय, जाळी काढलीये, हो, बघितलं वाकून. मग गाडीला काही होणार नाही. गाडीचं मी म्हणतच नाहीये.

बाबांकडूनच करून हवंय, ते ऐकलं मी. सगळ्यांना मिस्त्रीच हवे असतात. बाबांना जरा बरं नाही. नाही, ताप वगैरे नाही. रात्री झोप लागत नाही म्हणून दुपारी झोपतात. रविवारच्या शर्यतीपर्यंत? रविवारपर्यंत नाही होणार बरं. म्हणजे — त्यांचे हात जरा कापतात. पाना धरला की निसटतो. मनगट असं खाली पडतं, हे असं, वाळत घातलेल्या मोज्यासारखं. वय नाही हो फार. तुमच्या वडिलांच्या आसपास असतील.

सांगतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? बाबांची एक पद्धत होती. पेट्रोल आलं की आधी तळहातावर ओतायचे. मिटायची मूठ, उघडायची, फुंकर मारायची. डाग न ठेवता वाळलं, हात बर्फासारखा गार पडला, तर माल खरा. चिकट राहिलं तर कुणीतरी भेसळ केलीये. मग त्याच पेट्रोलने सुटे भाग धुवायचे, त्या समोरच्या ट्रेमध्ये, आणि दिवस संपला की त्याच ट्रेमध्ये हात धुवायचे, कोपरापर्यंत. साबण कशाला, म्हणायचे, साबणाने ग्रीस पसरतं, याने पळतं. आणि खरंच, काम संपवून घरी यायचे तेव्हा बाबांचे हात एखाद्या मास्तरांसारखे स्वच्छ असायचे. इतर मिस्त्र्यांची नखं काळी, बाबांची नाहीत. आईला त्याचं फार कौतुक होतं. आई होती तेव्हा. बाबांच्या हाताचा घास खाल्ला की ताई म्हणायची, भाताला विमानाचा वास येतो. तो वास म्हणजे बाबा, असंच होतं आमच्या घरात.

मी? नाही, माझे हात बरे आहेत. हे बघा. मलाही धुवायचे होते त्या ट्रेमध्ये, मोठ्या माणसांसारखे. पण पहिल्याच आठवड्यात माझ्या बोटांना भेगा पडल्या, रक्त यायला लागलं. बाबा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "वायसर, तुझी कातडी नवरीची आहे रे. जा, नळावर जा, साबणाने धू." सगळे हसले. वायसर म्हणजे मी. नट आणि पत्रा यांच्यामध्ये असते ना ती पातळ चकती, तसा होतो मी, पातळ, आणि कुणाच्या तरी मध्ये दडलेला. दुसऱ्या कुणी म्हटलं की राग यायचा. बाबांनी म्हटलं की नाही यायचा. तर मी रोज नळावर जायचो, खाली मान घालून, आणि नवरी आली, नवरी आली म्हणून हे लोक टाळ्या वाजवायचे. डॉक्टरांनी नंतर दोघांचंही रक्त काढलं. बाबांच्या रक्तात शिसं निघालं, भरपूर. माझ्यात काही नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, तू वाचलास. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? मला तेव्हा काही वाटलंच नाही. अजूनही वाटत नाही नीट. कोणी विचारतं, वाईट वाटत असेल ना? मी म्हणतो, हो. न्हाव्याकडे बसल्यावर तो विचारतो ना, एवढे पुरे का, आणि आपण म्हणतो, हो. तसं.

कमी होईल म्हणतात. गोळ्या आहेत. आत गेलेलं हळूहळू निघेल, हाडांत बसलेलं निघेल की नाही ते सांगता येत नाही — पण नवीन जाता कामा नये, थेंबसुद्धा नाही. म्हणून ताईने इथला सगळा साठा उचलून दिला, ट्रे घासला, फाटकावरची शर्यतीच्या गाड्यांची पाटी उतरवली. आता मी ब्रेक करतो, क्लच करतो, टेम्पो, टॅक्सी. चालतं.

हात तर हात — त्यांचं डोकंही जरा... विसरतात. नाही, तुमची गाडी बघून ओळखतील कदाचित. माणसं नाही. मला म्हणजे, त्यांना वाटतं, मी इथे नवीन लागलेला मुलगा आहे. चांगलं वागतात. रोज सकाळी विचारतात, "काय रे, तुझे वडील काय करतात?" मी म्हणतो, गॅरेज आहे त्यांचं. "मग त्यांच्याकडे का नाही काम करत?" मी म्हणतो, त्यांच्याकडेच करतो. त्यावर ते मान हलवतात, बरं आहे म्हणतात, शिकून घे म्हणतात, आणि चहा पितात. चहा मी बशीत देतो, कपाचा कान त्यांना धरता येत नाही. ताईला ओळखतात. म्हणजे तिला ते आई समजतात, पण ओळखतात. तिला नावाने हाक तरी मिळते, आईच्या का होईना.

नाही, पाणी नको मला. तुम्हाला हवंय का?

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं खरं तर. गेल्या महिन्यात एक जण आला होता, तुमच्यासारखाच, असाच डबा घेऊन. ताई घरी नव्हती. मी हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही — पैशासाठी नाही, तसं समजू नका, त्याच्याकडून मी काही घेतलंही नाही. टाकी भरली, टायमिंग जरा जरा पुढे घेत गेलो, आणि इंजिन लागलं बघा एकदम, कसं सांगू, दात ओठ खाणारा माणूस अचानक गायला लागावा तसं. टॅक्सीला बाबा कूस बदलत नाहीत. टेम्पोला नाही. याला उठले. खाटेवरून उठून, भिंत न धरता, या दारात आले, बनियनवर. उभे राहिले. कान असा तिरका. आणि म्हणाले, "वायसर, अजून केसभर मागे घे." मी घेतलं. "बास. सोड आता." आणि माझ्याकडे बघून हसले. माझ्याकडे म्हणजे माझ्याकडेच, नवीन मुलाकडे नाही. म्हणाले, "तुझी आई जेवायला थांबली असेल, आवर लवकर." इंजिन चालू होतं तोवर ते बाबा होते. मी किती वेळ चालू ठेवलं, तो गाडीवाला म्हणायला लागला, अहो पेट्रोल संपेल सगळं. मी म्हटलं, थांबा, अजून बसतंय, बसू दे. काही बसत नव्हतं. बसायचं होतं ते कधीच बसलं होतं.

मग? मग काय, बंद तर करावंच लागणार. मी चावी फिरवली, वळून बघतो तर बाबा ट्रेपाशी. कोपरापर्यंत हात आत. डब्यातलं उरलेलं सगळं त्यांनी ओतून घेतलं होतं, आणि घासत होते, एक एक बोट, अगदी सावकाश, पूर्वी घासायचे तसे. मग तोंडावरून हात फिरवला. मी धावलो, मनगटं धरली, तर मला म्हणाले, "सोड रे पोरा. कोण तू?" ओढत नळावर नेलं. साबण लावला. रडत होते — नाही, मी नाही, ते. साबणाने आग होत होती. संध्याकाळभर त्या फाटकाशी उभे होते, गाडी कुठे गेली, गिऱ्हाईक परत येणार आहे म्हणाले, केसभर राहिलंय अजून. दुसऱ्या दिवशी चमचासुद्धा धरता येईना. ताईला मी सांगितलं नाही, पण तिला वास आला असणार. त्या दिवसापासून कामावर जाताना ती बाबांना झोपवून जाते, आणि जाताना माझ्याकडे बघते. तेवढंच.

तर म्हणून. नाही म्हणतोय मी. तुमची गाडी लागेल, खात्रीने लागेल, मला येतं ते काम, अर्धा दिवस पुरे. पण इथे नाही. दुसरीकडे? दुसरीकडे जाऊन करता येईल, हो, तुमच्याकडे जागा असेल तर येऊन करता येईल. पण मग ते मी कशासाठी करू? तिथे कोण ऐकणार? — नाही, रागावलो नाही. तुमचं बरोबर आहे, शर्यत तुमची आहे.

फक्त एकदा, नुसता आवाज, पेट्रोल लांब ठेवून? हो, हेच मीही मनात धरून बसलो होतो. तुम्ही आलात तेव्हापासून तेच चाललंय माझ्या डोक्यात. डबा बाहेर ठेवू, फाटकाबाहेर ठेवू, ट्रे उचलून ठेवू, बाबांना दारातच धरून ठेवू, मी एका बाजूने, तुम्ही एका बाजूने — तुम्ही तयार आहात म्हणताय, भले आहात — आणि एक दोन मिनिटं. एकदा हाक मारतील. पण मग बंद करावं लागतं ना ते. बंद केल्यावर बाबा कसे बघत होते, तेव्हा तुम्ही नव्हता इथे. तुम्ही गाडी घेऊन निघून जाल. फाटकाशी ते उभे राहतील.

नको, चावी नका — अहो, चावी नका लावू! काढा. काढा बाहेर. हां. मला माहितीये तुम्ही नुसते निघतच होतात, पण तरी. गिअर मोकळा करा. हँडब्रेक सोडा. काच खाली घ्या, स्टिअरिंग बाहेरून धरता येईल, दार लावू नका, ते आपटतं. डबा मी मागच्या सीटवर ठेवलाय, झाकण घट्ट आहे, बघितलं. मी मागून ढकलतो. फाटकाच्या पुढे उतार आहे, तो पार खालच्या रस्त्यापर्यंत जातो, आपोआप जाईल गाडी, तुम्ही फाटकापाशी आत बसा आणि नुसता ब्रेकवर पाय ठेवा. खाली पोचलात, वळलात, की मग सुरू करा. वळल्यावर. त्याच्या आधी नाही.

आता बोलू नका. चला.