न मारलेली हाक

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावाच्या नगराध्यक्षा सेरिझावा-सान, शेजारच्या खोऱ्यांतून घाट चढून आलेले धावमंडळांचे प्रतिनिधी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपल्या डोंगरधाव मंडळाचे मावळते प्रमुख ओगिवारा तेत्सुजी-सान, त्यांच्या पत्नी हिसानो-सान, आणि शाळेच्या या गारठलेल्या सभागृहात अंगावरचे कोटही न काढता बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, आपणा सर्वांना यानागिसावा तोकुएचा नमस्कार.

मला बहुतेक सगळे ओळखतात. पाहुण्यांसाठी सांगते, वर खिंडीत गिर्यारोहकांसाठी जी हट आहे ती मी चालवते. हटवर आलेल्यांना मी चिखलाचे बूट बाहेर काढायला लावते आणि उशिरा येणाऱ्यांना रागावते, एवढीच माझी कीर्ती. तरी मंडळानं मला बोलायला उभं केलं, हा मंडळाचा मोठेपणा.

ओगिवारा-सानांबद्दल चांगलं बोलणं अवघड नाही. या सभागृहात पन्नाशीच्या आतला असा कोण आहे, ज्याला त्यांनी उतारावर गुडघे कसे सांभाळायचे ते शिकवलं नाही? डोंगरधाव म्हणजे चार वेड्यांचा खेळ होता तेव्हापासून ते वाटा साफ करत आले. वादळानंतर पूल वाहून गेला तेव्हा स्वतःच्या सफरचंदाच्या बागेतले ओंडके त्यांनी खांद्यावरून नेले. आज आपल्या शर्यतीला लांबून माणसं येतात, सराया भरतात, बस सुरू राहिली आहे. यातलं पुष्कळसं श्रेय त्यांचं आहे आणि ते मी हातचं न राखता देते.

मात्र त्यांचं सगळ्यांत मोठं काम कोणतं, असं मला कुणी विचारलं, तर मी हानामुरा चिनात्सुचं नाव घेईन. आपण सगळेच घेऊ. आपल्या शर्यतीच्या प्रत्येक फलकावर तिचाच चेहरा असतो.

चिनात्सु माझ्याकडे आली ती शाळा संपवून, हटवर ओझी पोचवायच्या कामाला. पाठीवरच्या लाकडी चौकटीवर तांदूळ, गॅसच्या टाक्या, कोबी असा डोक्यापेक्षा उंच ढीग बांधायची आणि चढायची. उतरताना पाठ रिकामी, म्हणून पळत उतरायची. एकदा ओगिवारा-सान हटवर चहा पीत बसले होते. ती खाली गेलेली त्यांनी पाहिली आणि कप तसाच ठेवून म्हणाले, "तोकुए-सान, ही मुलगी मला द्या." मी म्हटलं, "ती काय कोबी आहे? तिलाच विचारा." तेव्हा त्यांनी तिला विचारलं होतं. हे मुद्दाम सांगते.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. डोंगरात तिला हरवणारं कुणी उरलं नाही. मग एके दिवशी भांडी विसळताना ती मला म्हणाली, "तोकुए-सान, मला सपाटीवर पळून बघायचंय. चोवीस तास. मैदानाला गोल गोल."

"आणि बघायचं काय तिथे? आपलीच पाठ?"

"हो. डोंगर मला ओढत नेतो. तो नसला तर मी किती, ते कळेल."

हसू नका, मला तेव्हा हसू आलं नव्हतं. चोवीस तासांचा राष्ट्रीय विक्रम मोडायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तो मोडला तर शहरातल्या एका कंपनीच्या संघात तिला जागा मिळणार होती. त्यांचा माणूस ती धाव पाहायला येणारही होता. मैदानाच्या कडेला प्रत्येक धावपटूचं एक टेबल असतं. तिथे बसलेला माणूस खाणं देतो, पाणी देतो, हाक मारून सूचना देतो. पंचांना धावपटूशी बोलायची मुभा नसते. त्या टेबलावर ओगिवारा-सान बसले. हट सोडून मला जाता येत नव्हतं. उमेबोशीची खारवलेली आंबट फळं घालून भाताचे गोळे करून दिले आणि म्हटलं, "ओगिवारा-सान, सांभाळा हिला." ते म्हणाले, "माझ्याच मुलीसारखी आहे."

रात्र पार पडली. सकाळी ती विक्रमाच्या पुढे चालली होती आणि तिच्या समोर एक धावपटू कोसळला. तिनं काय केलं असेल? आपण काय करतो? डोंगरात पडलेल्याला ओलांडून कुणी जात नाही. त्याला आधार देऊन जवळच्या हटवर न्यायचं आणि हटच्या दारातूनच पुढची वाट धरायची, हे आपल्या मुलांना न शिकवता येतं. तिनं त्याला डॉक्टरांच्या तंबूत पोचवलं आणि तंबूच्या दारातून पुन्हा धाव सुरू केली. तंबू थोडा पुढे होता, म्हणून मधलं तेवढं अंतर तिचं पळायचं राहून गेलं. मैदानावरचा नियम असा, की जिथून बाहेर पडलात तिथूनच आत यायचं. ती फेरी पुरी होण्याआधी तिला एक हाक मिळाली असती, तर मागे जाऊन तिला ते निस्तरता आलं असतं. हाक आली नाही. ती दुपारपर्यंत पळाली, विक्रमाच्या पुढे गेली, लोक उभे राहिले, आणि मग पंचांनी धाव बाद केली.

ती परत आली त्या दिवशी आपण सगळे बसथांब्यावर होतो. ओगिवारा-सानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डोंगराची पोर आहे ही. सपाटी तिला मानवत नाही." आपण टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी हेच वाक्य फलकावर छापलं. चिनात्सु पुन्हा ओझी वाहू लागली आणि सपाटीचं नाव तिनं काढलं नाही. मी एकदा काढलं तर म्हणाली, "नियमसुद्धा कळत नाही मला. जाऊ द्या."

या शरद ऋतूत माझ्या हटवर मुरोझोनो नावाचे एक गृहस्थ उतरले. त्या धावेचे ते पंच. न्याहारीला भिंतीवरचा चिनात्सुचा फोटो पाहून म्हणाले, "हिच्या टेबलावर कोण होतं हो?"

"आमचे ओगिवारा-सान."

"त्यांना ऐकायला, दिसायला कमी आहे का?"

"पलीकडच्या कड्यावरची शेळी त्यांना दिसते."

"मग कमाल आहे. आम्हाला तोंड उघडता येईना. मी नुसता त्यांच्याकडे बघत उभा होतो, की आता हाक मारतील, मग मारतील. आदल्या दिवशीच्या सभेत त्यांनीच तर मला विचारलं होतं, धावपटू बाहेर पडला तर आत कुठून यायचं म्हणून."

त्यांचं सूप निवलं. माझंही.

मी खाली उतरले ती थेट बागेत. ओगिवारा-सान शिडीवर होते, सफरचंदं काढत होते. मी विचारलं, "त्या सकाळी तुम्ही तिला हाक का मारली नाही?"

कुठली सकाळ, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"ते सोडा."

त्यांनी हातातलं सफरचंद टोपलीत ठेवलं. मग म्हणाले, "हाक मारली असती तर ती गेली असती, तोकुए-सान. कंपनीचा माणूस बाकावर बसून होता. मग इथे काय राहिलं असतं? शर्यत बंद, बस बंद. तुम्ही, मी आणि ही झाडं."

"तिला विचारलंत?"

"जायचंय का, असं विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. म्हणून नाही विचारलं." मग शिडीवरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचंही भलंच झालं ना? तुमची ओझी कुणी वाहिली असती?"

गावकऱ्यांनो, खरं सांगते, त्या वाक्यानं मला जागच्या जागी गाडलं. ज्या भातावर मी पाहुण्यांना जेवू घातलं, तो भात तिच्या पाठीवरून आला होता, आणि ती पाठ माझ्यासाठी कुणीतरी अडवून ठेवली होती. मला न विचारता. तुम्हालाही न विचारता. बस आपल्या सगळ्यांसाठी चालू राहिली. आपल्या नावावर हे झालं आणि आपण टाळ्या वाजवल्या.

मी निघाले तेव्हा ते म्हणाले, "समारंभात तुमचं भाषण ठेवलंय. दोन चांगले शब्द बोला." ते मी सुरुवातीला बोलले आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. ओंडके त्यांनी वाहिलेच होते.

काल मी चिनात्सुला सगळं सांगितलं. ती चौकटीला दोर बांधत होती. आधी म्हणाली, "म्हणजे मी चुकलेच नव्हते?"

"चुकलीस. पण निस्तरता आलं असतं."

"म्हणजे मला सपाटीवर पळता येतं."

"येतं."

तिनं दोर पुरता बांधला, पुन्हा सोडला. मग म्हणाली, "तंबूतून बाहेर पडताना मी ओगिवारा-सेन्सेईंकडे पाहिलं होतं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, बरोबर चाललंय."

हे मला पंचांनी सांगितलं नव्हतं. ओगिवारा-सान, हे आपणही मला सांगितलं नव्हतं.

बायकोसमोर, गावासमोर, निरोपाच्या दिवशी हे बोलायला नको होतं, असं पुष्कळांना वाटत असेल. सपाटी तिला मानवत नाही, हेही गावासमोरच बोललं गेलं होतं. ते जिथे बोललं गेलं तिथेच पुसायला हवं.

माझ्यानंतर चिनात्सुच्या हस्ते फुलं द्यायची असं ठरलं आहे. ती येणार नाही. मैदानावरची ती धाव वसंतात पुन्हा आहे. तिनं नाव दिलं आहे, आणि तोवर ती शहरात नदीकाठच्या सपाट रस्त्यावर सराव करणार आहे. टेबलावर मी बसेन. नियम पाठ केले आहेत, आणि माझा आवाज केवढा आहे ते आपल्याला माहीत आहे. हट त्या दिवसांत बंद राहील. त्यानंतर ओझी कोण वाहील, ते गावानं आणि मी मिळून पाहू.

मंडळानं मला बोलावलं, अध्यक्षांनी मध्येच थांबवलं नाही आणि आपण थंडीत ऐकून घेतलंत, याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. मानाच्या क्रमात कुणाचं नाव मागेपुढे झालं असेल, हिसानो-सानांचं मन दुखावलं असेल, तर मला उदार मनानं क्षमा करावी. आणखी एक क्षमा मागायची राहिली आहे, पण ती माझी नाही. ओगिवारा-सान, चिनात्सु स्टेशनवर आहे. गाडीला अजून अवकाश आहे. आपण जाऊन या. उरलेली भाषणं आम्ही थांबवून ठेवतो.