कुंपणावरचा वेल

झाडं ओळखायची शेखी मी आता मिरवत नाही, का ते ऐका. आई जाऊन चारेक महिने झाले होते. शहापूरच्या आमच्या कुंपणाशी एक अनोळखी वेल उगवला.

बायको म्हणाली, "बाबाले फोन करून इचारा ना."

मी म्हटलं, "धान निंदूनच मोठा झालो मी. जे पेरलं नाही, थे कचराच." वेल उपटला. खाली कंद निघाला, तोही उकिरड्यावर फेकला.

पुढं दिघोरीहून बाबा आले. कुंपणाकडे पाहत म्हणाले, "काटवल नाही निघालं का? तुह्या मायनं शेवटच्या खेपेले कंद पुरला होता. तुले भाजी आवडते म्हणून."

मी म्हटलं, "नाही निघालं, बाबा."

"निघंल पुढच्या वर्षी. कंद मातीत मरत नाही."